लाइन कोणी थांबवायची?

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर प्राध्यापक आले, डॉक्टर आले, कीर्तनकार आले. आम्ही राज्य सरकारच्या आयटीआयमध्ये शिकवतो. शिक्षण मेकॅनिकल डिप्लोमा. सरकारी नोकरी लागण्याआधी काही वर्षे शहराबाहेर हायवेवरच्या एका थंड पेयांच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर होतो. 'आम्ही, आम्ही' म्हणतो त्यात मोठेपणा नाही. पॉलिटेक्निकच्या एकाच वर्गातले आम्ही चौघे एकाच उन्हाळ्यात तिथे लागलो. त्या कामाबद्दल बोलताना 'मी' म्हणणे जमतच नाही, कारण लाइन एकट्याने चालत नाही.

सचिवांनी 'कौशल्य विकास आणि आजचा युवक' असा विषय सुचवला होता. त्या विषयावर तुम्ही बरेच ऐकले असेल. आम्ही म्हटले, आम्हाला बाटली भरण्यावर बोलू द्या.

कारण सांगतो. प्रवेशाच्या दिवसांत आपल्यातलेच काका-काकू मुलाला घेऊन येतात आणि हळूच विचारतात, "ऑपरेटर म्हणजे बटणेच दाबायची ना? मग दोन वर्षे शिकायचे काय?" हा प्रश्न बडोद्यात ऐकला की आम्हाला गंमत वाटते. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन काढले ते हाताने काम करणारी माणसे घडवायलाच. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. त्या कलाभवनाचा अभिमान आपण सगळे सांगतो, पण घरातल्या मुलाने वर्कशॉपचा खाकी शर्ट घातला की आवाज खाली येतो. असो.

तर बटणे. बटणे खरेच असतात. हिरवे बटण कोणीही दाबतो, त्याला शिकावे लागत नाही. लाल बटण कधी दाबायचे, एवढ्यासाठीच ऑपरेटर लागतो.

आता तुम्हाला लाइनवरून फिरवून आणतो. सुरुवातीचा भाग पटकन उरकू. पाणी येते, ते वाळूच्या आणि कोळशाच्या फिल्टरमधून जाते, इतर प्रक्रिया होतात. दुसरीकडे साखरेचा पाक होतो, तो गाळतात, त्यात कंपनीचे कॉन्सन्ट्रेट पडते. साधारण एक भाग पाक आणि पाच भाग पाणी. गोड पेयात १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २०० मिलिलिटरच्या बाटलीत चार-पाच चमचे. आम्ही स्वतः आता क्वचितच पितो. पण तो आजचा विषय नाही.

मग हे मिश्रण गार करून त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळवतात. एक लिटर पेयात साडेतीन ते चार लिटर वायू मावतो. गार असेपर्यंत तो शांत बसतो. तीच बाटली मे महिन्याच्या उन्हात टेम्पोवर तापली, की आतला दाब मोटारीच्या टायरपेक्षा जास्त होतो. म्हणून काचेच्या बाटलीच्या तळाला केसाएवढी चीर असली तरी आम्ही तिला घाबरतो.

भरण्याची युक्ती समजायला गोटी सोडा आठवा. ती गोटीची बाटली हिरम कॉड नावाच्या इंग्रजाची, पेटंट १८७२ चे. सोडावाला बाटली उलटी करून यंत्राच्या पेटीत फिरवायचा. सरळ केली की आतल्या वायूचा दाबच गोटीला वर रबराच्या कड्यावर धरून ठेवायचा. वेगळे बूच लावायची गरजच नाही. फिलरमध्येही सगळा खेळ दाबाचाच. रिकामी बाटली लिफ्टवर वर उचलली जाते, तोंडावर व्हॉल्व्ह बसतो. आधी बाटलीत नुसता वायू सोडतात. बाटलीतला आणि वरच्या टाकीतला दाब सारखा झाला की पेय आपल्या वजनाने गुपचूप खाली उतरते. भरून झाले की दाब हळूहळू सोडायचा. यातले काहीही घाईने झाले, किंवा पेय हवे तेवढे गार नसले, की फेस उसळतो. फेस आला की बाटली कमी भरते.

आमच्या फिलरला ६० व्हॉल्व्ह होते आणि मिनिटाला ४०० बाटल्या निघायच्या. तुम्ही एकदा 'गणपती बाप्पा मोरया' म्हणेपर्यंत दहा-बारा बाटल्या भरून, बिल्ला लागून पुढे गेलेल्या असतात. बाटलीवर २०० मिलिलिटर छापले असेल तर एखाद्या बाटलीत जास्तीत जास्त ९ मिलिलिटर कमी चालते, आणि सगळ्या मालाची सरासरी छापलेल्या आकड्याच्या खाली जाता कामा नये. हा वजनमापाचा नियम. तपासायला येतात ते आमच्याच सरकारचे लोक, त्यामुळे त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही.

आता तुम्हीच सांगा, सेकंदाला सहा-सात बाटल्या जात असताना माणूस काय बघणार? एकेक बाटली कोणीच बघत नाही. आम्ही ओळ बघायचो. भरलेल्या बाटल्यांतल्या पेयाची पातळी एका रेषेत पळत असते. एखादा व्हॉल्व्ह बिघडला की दर साठाव्या बाटलीला ती रेषा खाली झुकते. डोळ्याला आधी ते नुसते खटकते, कारण नंतर कळते. आवाजाचेही तसेच. सील झिजले की 'फुस्स' असा वेगळा सूर येतो. क्राउनरचा ठोका जड झाला की समजायचे, बिल्ला नीट आवळला जात नाही. मग हातात गेज घ्यायचे, बिल्ल्याचा व्यास मोजायचा. तो पावणेएकोणतीस मिलिमीटरच्या आसपास हवा. सैल राहिला तर वायू निघून जातो, फार आवळला तर काचेचे तोंड टवकते.

आवाजाचा विषय निघाला म्हणून सांगतो. काचेच्या लाइनवर बाटलीवर बाटली आपटते. आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आम्हाला शिकवलेली. उन्हाळ्यात त्या हॉलमध्ये त्याहून जास्तच असायचे. कानात घालायचे प्लग मिळायचे, पण नवी मुले ते काढून ठेवतात. का, तर मशीन ऐकू येत नाही म्हणून. हा गैरसमज आहे. प्लग घातल्यावर सगळाच आवाज खाली येतो, त्यातला बदल कळतोच. फक्त त्याची सवय व्हायला आठ-दहा दिवस जातात. ते दिवस कोणी धीर देत नाही. आमच्या चौघांतल्या एकाला आज घरी टीव्ही मोठ्याने लावावा लागतो. वय ४७.

काचेच्या बाटल्या परत येतात, त्या धुण्याचे खाते वेगळेच. २ ते ३ टक्के कॉस्टिक सोडा, ६० ते ८० अंश तापमान. बाटली एकदम गरम पाण्यात टाकली तर तडकते, म्हणून टप्प्याटप्प्याने तापवायची आणि टप्प्याटप्प्यानेच गार करायची. लोक रिकाम्या बाटलीत काय ठेवतील सांगता येत नाही. रॉकेल, ऑइलपेंट, विडीची थोटके, गाडीचे तेल. मग तीच बाटली दुकानदाराला परत देऊन डिपॉझिटचे पैसे मागतात! रॉकेलचा वास कॉस्टिकनेही जात नाही. धुतलेल्या बाटल्या मग एका पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून सरकतात आणि तिथे एक माणूस बसलेला असतो. त्याने फक्त बघायचे. आत काडी, किडा, तोंडाला टवका, तळाला चीर दिसली की बाटली उचलायची. ऐकायला सोपे वाटते. अर्ध्या तासाच्या वर तिथे कोणाला बसवत नसत, कारण त्यानंतर डोळे उघडे असतात पण दिसत काही नाही. आता हे काम कॅमेरे करतात. तरीही ठरावीक वेळाने मुद्दाम खराब केलेल्या बाटल्या त्या ओळीत सोडून कॅमेरा त्या बाहेर काढतो की नाही, हे माणसालाच बघावे लागते.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले, तिथे येतो.

फिलरमध्ये बाटली फुटते. दाबाखालची काच आहे, कधीतरी फुटणारच. फुटली की कण शेजारच्या उघड्या तोंडांत उडतात. नियम लिहिलेला असतो: मशीन थांबवा, तो व्हॉल्व्ह आणि त्याखालची लिफ्ट पाण्याच्या जोराने धुवा, दोन्ही बाजूंच्या बाटल्या काढून टाका, आणि त्या व्हॉल्व्हवर पुढच्या काही फेऱ्यांत भरलेल्या बाटल्याही फेकून द्या. हे सगळे केले की तीन-चार मिनिटे जातात. मिनिटाला ४०० च्या हिशेबाने हजार-दीड हजार बाटल्या गेल्या.

मे महिन्यातली रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. बाहेर ट्रक उभे, डेपोतून फोन येताहेत, पाळीचे टार्गेट फळ्यावर लिहिलेले. अशा वेळी शिफ्टचा साहेब लांबूनच हात हलवून म्हणतो, "चलावी लो, भाई, चलावी लो." बडोद्यात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. साहेबही वाईट माणूस नव्हता. त्यालाही सकाळी कोणीतरी आकडा विचारणार होते.

आमच्यातल्या एकाने एका रात्री चार वेळा लाइन थांबवली. तसा अबोल मुलगा. आई शिवण शिवायची, आणि ही नोकरी त्याच्या घरातली पहिली पगाराची नोकरी. चारही वेळा नियमाप्रमाणे सगळे केले. सकाळी त्याला मेमो मिळाला: उत्पादन कमी का झाले, लेखी खुलासा द्या. त्याने खुलाशात फक्त वेळा लिहिल्या, व्हॉल्व्हचा नंबर लिहिला आणि किती बाटल्या फेकल्या ते लिहिले. चारपैकी तीन वेळा नंबर एकच होता. पुढे तो व्हॉल्व्ह उघडला तेव्हा बाटलीचे तोंड मध्यावर आणणारी घंटीसारखी वाटी झिजलेली सापडली. बाटली वर जाताना तिरकी बसत होती, म्हणून फुटत होती. वाटी बदलली, फुटणे थांबले. मेमो मात्र कोणी मागे घेतला नाही. पुढच्या वर्षी तो रेल्वेत लागला आणि आमच्या चौकडीतून पहिला बाहेर पडला. त्या रात्री त्याने ज्या बाटल्या फेकल्या त्यांत काच होती की नव्हती, हे कोणालाच कळणार नाही. या कामात असेच असते. नीट केले तर काही घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीची नोंद कुठे होत नाही.

म्हणून आम्ही आता आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात मुलांना थांबवायला शिकवतो. वर्कशॉपमध्ये एक जुना कन्व्हेयर आहे, भंगारातून आणून दुरुस्त केलेला. त्यावर बाटल्या सोडतो आणि मध्येच एक आडवी करतो. दहातली आठ मुले काय करतात? हात घालतात! चालू पट्ट्यावरची पडलेली बाटली उचलावीशी वाटणे हा माणसाचा स्वभाव आहे, आणि बोटे जातात ती तिथेच. अडकलेले काढताना बरेच अपघात होतात. आधी लाल बटण, मग मेन स्विच बंद, त्याला आपले कुलूप, किल्ली आपल्या खिशात, आणि मगच हात. किल्ली मित्राकडेही द्यायची नाही. अभ्यासक्रमात याला किती मार्क आहेत ते बाजूला ठेवू, आमच्या वर्गात हे जमल्याशिवाय पुढचा पाठ सुरू होत नाही. गेल्या काही वर्षांत मुलीही येऊ लागल्या आहेत. त्या लाल बटण लवकर दाबतात, हे आम्ही पाहिलेले आहे.

आता लाइनचे रूप बदलले आहे. काच कमी झाली, प्लास्टिक आले. परीक्षानळीसारखा दिसणारा जाड तुकडा येतो, त्याला प्रीफॉर्म म्हणतात. तो दिव्यांच्या उष्णतेने शंभर अंशांच्या आसपास तापवायचा, मग साच्यात ३५-४० बार दाबाची हवा मारली की बाटली तयार. ऑपरेटरसमोर टचस्क्रीन असते. एक माणूस दोन-तीन मशीन सांभाळतो. कोणता दरवाजा उघडा आहे ते स्क्रीन सांगते. तो का उघडा राहिला ते सांगत नाही. आणि दरवाजाचा सेफ्टी स्विच चिकटपट्टीने बांधून ठेवला असेल तर स्क्रीन म्हणते, सगळे ठीक आहे. मुलांना ट्रेनिंगसाठी कारखान्यात सोडायला जातो तेव्हा आम्ही आधी ती चिकटपट्टी शोधतो. ऑफिसातला चहा नंतर.

या धंद्याला हंगाम असतो, हे आई-वडिलांना बहुधा माहीत नसते. होळीपासून जूनपर्यंत तीन पाळ्या, रजा बंद. पाऊस पडला की मागणी उतरते, मशीन उघडून सील-बेअरिंग बदलण्याची कामे निघतात. त्यामुळे आम्हाला गणपतीची रजा कधी नाकारली गेली नाही आणि पाडव्याची कधी मिळाली नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला आमच्यातला एक जण रात्रपाळी करून, आंघोळ करून थेट मांडवात आला होता आणि अक्षता पडेपर्यंत खुर्चीतच झोपला होता. कायम कामगारांची ही तऱ्हा. कंत्राटी मुलांचे वेगळे. आपण इथे आरती करत असतो त्या दिवसांत त्यांना सांगितलेले असते की फेब्रुवारीत फोन करू. आणि तोच कंत्राटी मुलगा मे महिन्यात फिलरवर उभा असतो. पुढच्या हंगामाचा फोन येईल की नाही या काळजीत असलेला मुलगा साहेबाने हात हलवल्यावर लाल बटण दाबेल का? आम्ही दाबायला शिकवतो. दाबल्यावर त्याला सांभाळणारे कोणी तिथे आहे का, ते आमच्या हातात नाही. आम्हाला झोप न येणारी गोष्ट असेल तर ही.

म्हणून मकरपुऱ्याला किंवा हायवेवर मुलाला बोलावणे आले, तर नुसता पगार विचारून घरी येऊ नका. नेमणुकीच्या कागदावर नाव कारखान्याचे आहे की कंत्राटदाराचे, ते वाचा. अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर १९६१ च्या कायद्याखाली करार नोंदवला आहे का ते पाहा, कारण त्या मुदतीनंतर मिळणारे प्रमाणपत्र पुढे उपयोगी पडते. भविष्य निर्वाह निधीचा नंबर पहिल्या पगारातच मागून घ्या. वर्षातले किती महिने काम देणार ते स्पष्ट विचारा. जादा वेळेचे दुप्पट देतात का ते आत काम करणाऱ्याकडून काढून घ्या, गेटवरचा कोणी सांगणार नाही. आणि मुलाला एक प्रश्न विचारायला सांगा: लाइन थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? 'ऑपरेटरला' असे उत्तर लगेच आले तर बिनधास्त पाठवा. 'सुपरवायझरला विचारून' असे आले तरी पाठवा, नाही म्हणण्यासारखी परिस्थिती प्रत्येकाची नसते. पण मग पहिल्या महिन्यात रोज घरी आल्यावर त्याच्याशी बोला. आज काय झाले, काय थांबवले, कोण काय म्हणाले. जेवताना बोला. आमच्या चौघांच्या घरी कोणी हे विचारत नव्हते. आम्ही एकमेकांना विचारायचो, पहाटेच्या बसमध्ये, अर्धे झोपेत.

सचिव घड्याळ दाखवत आहेत, म्हणजे आरतीची वेळ झाली. स्टेजच्या बाजूच्या टेबलावर आम्ही बिल्ला मोजायचे गेज, एक प्रीफॉर्म, गोटीची एक बाटली आणि मूठभर बिल्ले ठेवले आहेत. बिल्ल्याचे पेटंट बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरचे, १८९२ चे. मुलांनी त्याचे दात मोजून बघावेत, २१ भरतील. आरतीनंतर आम्ही तिथेच आहोत. ज्यांची मुले दहावीला आहेत त्यांनी जरूर भेटावे.